आधी कोणाचे द्यायचे?

२०२३ सालची शबे-बरात होऊन चार-पाच दिवस झाले असतील. इशाची नमाज आटोपून आम्ही घरी आलो, तर पडवीत भाई बसलेले. चिपळूणच्या बाजारात त्यांचे कापडाचे दुकान. नाव सांगत नाही; गावात त्यांना सगळे भाईच म्हणतात, तेवढे पुरे. त्यांनी खिशातून खाकी पाकीट काढून आमच्या हाती दिले. ''सर, तुमचे चाळीस हजार. मोजून घ्या.'' २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि भाईंचे दुकान माळ्यापर्यंत बुडाले. दुकान पुन्हा उभे करायला म्हणून आम्ही ही रक्कम दिली होती. कधी मागितली नव्हती. आम्ही पाकीट न मोजता कपाटात ठेवले, चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निघताना भाई म्हणाले, ''आधी तुमचे. बाकीच्यांचे बघू.'' ते वाक्य आम्हाला गोड लागले. खोटे कशाला बोलावे?

मेच्या मध्यावर कळले, की भाईंनी रत्नागिरीच्या न्यायालयात नादारीचा अर्ज केला आहे.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. त्या पंधरवड्यात भाईंनी तिघांचे देणे फेडले होते. कुवेतला असलेल्या मेहुण्याचे दीड लाख, शेजारच्या विधवा बाईंचे एक लाख दहा हजार आणि आमचे चाळीस हजार. ज्यांचे राहिले त्यांत एका पतपेढीचे सहा लाख, मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याचे साडेतीन लाख, मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याचे एक लाख ऐंशी हजार आणि दुकानातल्या दोन नोकरांचा मिळून तीस हजार पगार. एकूण देणे चौदा लाख साठ हजार. त्या वेळी भाईंजवळ रोख आणि विकून येईल तो माल धरून चार लाख अडतीस हजार होते.

शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सर्वांना सारखे वाटले असते, तर रुपयाला तीस पैसे आले असते. आमच्या वाट्याला बारा हजार. म्हणजे कपाटातल्या चाळीस हजारांपैकी अठ्ठावीस हजार आमचे नव्हतेच. ते कोणाचे तरी होते आणि तो 'कोणी तरी' भाईंच्या पडवीत किंवा आमच्या मशिदीच्या सफेत कधी दिसणारा नव्हता. तिघांना तीन लाख गेल्यावर उरलेल्यांसाठी एक लाख अडतीस हजार राहिले. रुपयाला बारा पैसेही नाहीत. मालेगावच्या माणसाला चोपन्न हजार मिळायचे, तिथे साडेएकवीस हजारांच्या आत भागवावे लागणार.

या हिशेबाने आमची झोप उडवली. त्यातूनच हे लिखाण. प्रश्न साधा वाटतो: सर्वांचे देणे शक्य नसताना आपल्या मनाने काहींचे आधी देऊन टाकणे बरोबर की चूक? आमच्या समाजात याचे उत्तर लोक फार पटकन देतात. ''गरीब विधवेचे दिले, चांगले केले. पतपेढीचे काय, ते तर सूद खाणारे.'' हे आम्ही मशिदीच्या ओट्यावर ऐकले आहे, आणि चांगल्या पाच वक्ती नमाजी माणसांच्या तोंडून ऐकले आहे.

आधी सुदाचेच पाहू, कारण ते लवकर संपेल. कुरआनात सुदाची सर्वांत कडक निंदा सूरह बकराच्या ज्या आयतींत आहे, तिथेच सावकाराचे मुद्दल त्याचे राहते असेही स्पष्ट म्हटले आहे. आणि लगेच पुढच्या आयतीत तंगीत सापडलेल्या कर्जदाराला सवड द्यावी, माफ केले तर अधिक बरे, असे सांगितले आहे. सूद हराम म्हणून मुद्दल बुडवणे हलाल, हा अर्थ त्यातून कसा निघतो, ते आम्हाला कळलेले नाही. शिवाय पतपेढी म्हणजे काही कोणी शेठजी नव्हे. भाईंच्या कर्जाला दोन जामीनदार होते. त्यातला एक जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला, की त्याच्या पगारातून कापणी सुरू होते, हे खेड्यापाड्यातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. म्हणजे भाईंनी आमचे पाकीट भरले त्याचा एक भाग या गृहस्थाच्या पगारातून जाणार. आणि तो आमचा धंदाबंधू!

मालेगावच्या माणसाचेही तसेच. 'मालेगावचा व्यापारी' म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे गादीवर बसलेला कोणी धनिक आला होता. प्रत्यक्षात तो आठ मागांचा धनी, आमच्याच जमातीतला अन्सारी. सूत उधार आणायचे, लुंग्या उधार घालायच्या, आणि मधल्या मध्ये मागावरच्या कारागिरांना आठवड्याचा पगार रोख द्यायचा. दूरच्या देणेकऱ्याला चेहरा नसतो, म्हणून आपण त्याला श्रीमंत ठरवून टाकतो.

आता कायदा काय म्हणतो? आमच्या ओळखीच्या एका वकिलांकडून आम्ही समजून घेतले. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली, पण तिच्यातला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. चिपळूणच्या कापडवाल्याला आजही इंग्रजांच्या अमदानीतला १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू. (मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा.) पाचशे रुपये देणे झाले, की माणूस नादारीचा अर्ज करू शकतो, असे त्यात अजून लिहिलेले आहे. पाचशे! आज त्यात एक बरी साडी येत नाही.

या कायद्याचे कलम ५४ असे, की आपले देणे फेडू न शकणाऱ्या माणसाने एखाद्या देणेकऱ्याला इतरांपेक्षा झुकते माप देण्याच्या हेतूने पैसे दिले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज दाखल होऊन तो नादार ठरला, तर ती फेड रद्द होऊ शकते. पैसे परत मागवायचे, एकत्र करायचे आणि सर्वांत वाटायचे. नव्या संहितेत ही मुदत सहा महिन्यांची आहे, आणि आप्तसंबंधितांच्या बाबतीत दोन वर्षांची. कायद्याला नातेवाइकांचा संशय जास्त. आपण ज्याला सिलारहमी म्हणून वाखाणतो, त्याकडे कायदा असा पाहतो.

पण त्या कलमातली एक गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो. झुकते माप देण्याचा हेतू असला पाहिजे, यावर सगळा भर. म्हणजे देणेकऱ्याने दारात येऊन आरडाओरडा केला, फौजदारीची धमकी दिली, आणि त्या भीतीने कर्जदाराने पैसे दिले, तर तो झुकत्या मापाचा हेतू नव्हे, तो दबाव; ती फेड बहुधा टिकते. वकीलसाहेब आम्हाला हसत म्हणाले, ''सर, तुम्ही गेल्या वर्षी एक नोटीस दिली असती, तर आज निर्धास्त असता. तुम्ही सभ्यपणे गप्प राहिलात, हीच तुमची अडचण.'' ओरडणाऱ्याचे राहते आणि गप्प बसणाऱ्याचे परत जाते, हा कसला न्याय? कायदा कर्जदाराच्या मनात डोकावतो, ते ठीक. पण मालेगावला कमी पैसे पोहोचतात ते दोन्ही वेळा सारखेच कमी. आमच्या मते हे कलम अर्धेच न्यायी आहे. तरी त्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती खरी आहे, आणि ती आपल्याला नवी असण्याचे कारण नाही.

आपल्या परंपरेत दिवाळखोराला मुफ्लिस म्हणतात. 'फल्स' म्हणजे तांब्याचे नाणे. चांदीचे दिरहम जाऊन ज्याच्याकडे तांब्याची खुर्दा उरली तो मुफ्लिस. प्रेषित मुहंमद (स.) यांच्या काळातला एक प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आला आहे. एका माणसाने फळे विकत घेतली, त्या फळांवर आपत्ती आली आणि तो कर्जात बुडाला. भाईंचा पूर तो हाच. प्रेषितांनी लोकांना त्याला सदका द्यायला सांगितले. लोकांनी दिला, पण कर्ज फिटेल एवढा जमला नाही. तेव्हा देणेकऱ्यांना सांगण्यात आले, की जे आहे ते घ्या, याहून अधिक तुम्हाला नाही. हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांचीही मालमत्ता अशीच विकून देणेकऱ्यांना दिल्याची रिवायत प्रसिद्ध आहे. मुआज म्हणजे साधा माणूस नव्हे. यमनला ज्यांना पाठवले ते.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. शाफई किताबांत नियम असा, की देणे मालमत्तेहून जास्त झाले आणि देणेकऱ्यांनी मागणी केली, तर काझी कर्जदारावर 'हज्र' लावतो, म्हणजे त्याच्या व्यवहाराला बंदी करतो, आणि मालमत्ता विकून ज्याच्या त्याच्या देण्याच्या प्रमाणात वाटतो. एवढे वाचून आम्हाला वाटले, प्रश्न सुटला. पण आमचे एक मौलवी स्नेही म्हणाले, ''थांबा. हज्र लागायच्या आधी त्याने कोणा एकाचे फेडले असेल, तर ती फेड सही आहे.'' म्हणजे आमच्या मजहबाप्रमाणे भाईंनी दिलेले पाकीट रद्दबातल होत नव्हते. क्षणभर हायसे वाटले, हे कबूल करतो. पण त्याच किताबांत असेही आहे, की ज्याला कर्ज फेडायचे आहे आणि फेडीची दुसरी आशा नाही, त्याने त्या पैशातून सदका देऊ नये. सदक्यासारखे पुण्यही ज्या पैशातून करता येत नाही, त्या पैशातून मैत्री जपता येते का? फेड सही असणे वेगळे आणि फेड योग्य असणे वेगळे. आम्ही शाळेत मुलांना पास होणे आणि शिकणे यातला फरक सांगायचो, तसे काहीसे.

इमाम अबू हनीफा यांचे मत मात्र आम्हाला बरेच दिवस छळत राहिले. शहाण्यासुरत्या प्रौढ माणसावर कर्जापायी हज्र लावणे त्यांना मान्य नाही. (त्यांचे दोघे मोठे शिष्य, अबू यूसुफ आणि मुहंमद, याबाबत त्यांच्याशी सहमत नाहीत.) माणसाला त्याच्याच मालावरचा अधिकार काढून घेणे म्हणजे त्याचे माणूसपण काढून घेणे; पैशाच्या नुकसानीपेक्षा ते नुकसान मोठे, असा त्यामागचा विचार. भाई नेमके हेच वेगळ्या शब्दांत आम्हाला म्हणाले. जूनमध्ये आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. दुकानाला कुलूप, भाई लुंगीवर बसलेले, पुढ्यात चिठ्ठ्यांची चळत. आम्ही म्हटले, ''भाई, असे करायला नको होते.'' ते म्हणाले, ''सर, सगळे गेले. दुकान गेले, पत गेली. कोणाचे आधी द्यायचे एवढे ठरवणे माझ्या हातात उरले होते. तेही तुम्ही काढून घेणार?''

यावर तत्काळ काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. आजही भाईंच्या त्या बोलण्यात आम्हाला लबाडी दिसत नाही. त्यांनी स्वतःसाठी एक पैसा लपवला नव्हता. ज्यांच्यापुढे मान खाली जाईल त्यांचे आधी दिले. अब्रू जपली. पण अब्रू जपायला लागलेले पैसे कोणाचे होते? ज्या दिवशी माणसाला कळते, की आता सर्वांचे फिटणार नाही, त्या दिवसापासून गल्ल्यातला पैसा त्याचा औदार्य दाखवण्याचा पैसा राहत नाही. तो सर्वांचा झालेला असतो. हा फक्त राखणदार. राखणदाराने मर्जीतल्या माणसाला आधी बोलावू नये.

आणि दोन नोकर? त्यांची नावे भाईंच्या चिठ्ठ्यांत होती, पण पंधरवड्यातल्या फेडीत नव्हती. आम्हाला सर्वांत जास्त हेच बोचते. घाम सुकण्याआधी मजुराची मजुरी द्यावी, ही शिकवण जुम्याच्या बयानात आपण किती वेळा ऐकतो! १९२० चा कायदाही नोकराच्या मागील चार महिन्यांच्या पगाराला इतरांच्या आधी जागा देतो. रक्कम मात्र त्या काळची, म्हणजे आज नावापुरतीच. भाईंनी तीस हजार आधी नोकरांना दिले असते, तर आम्ही त्याला झुकते माप म्हटले नसते. त्या पोरांनी भाईंना कर्ज दिलेच नव्हते. त्यांनी काम केले होते. पण ती परगावची पोरे, मशिदीत मागच्या रांगेत उभी राहणारी. त्यांच्यापुढे मान खाली जाण्याची भीती भाईंना वाटली नाही. आम्हालाही त्यांची आठवण हिशेब मांडतानाच झाली.

राहिल्या शेजारच्या बाई. त्यांच्यापाशी येऊन आमचा सगळा युक्तिवाद अडखळतो. हजला जायचे म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पैसे साठवले. बँकेत ठेवले तर सूद लागते, म्हणून भाईंकडे 'अमानत' ठेवले. कागद नाही, साक्षीदार नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचे लिहून ठेवा असे सांगणारी आहे, आणि आपल्याकडे भल्या माणसाकडून लिहून मागणे हा त्याचा अपमान समजतात! भाईंनी ते पैसे वेगळ्या डब्यात तसेच ठेवले असते, तर प्रश्नच नव्हता. ती अमानत बाईंची, ती भाईंच्या मालमत्तेत धरलीच गेली नसती. शरीअतही तेच म्हणते आणि कायदाही. पण भाईंनी ते पुरानंतर धंद्यात घातले. अमानत वापरली, की ती देणे बनते आणि अमानतदार तिचा जिम्मेदार होतो. बाई मात्र धंद्याचा धोका पत्करायला कधी तयार झाल्या नव्हत्या. मालेगावच्या माणसाने निदान उधारीचा हिशेब करून माल पाठवला होता.

भाईंचे म्हणणे होते, की बाईंकडे कागद नाही, कोर्टात त्यांना कोण विचारणार, म्हणून आधी त्यांचे दिले. हे कारण आम्हाला त्यांच्या तिन्ही फेडींतले सर्वांत सबळ वाटते. पण त्याला उपाय होता. नादारीच्या अर्जात कर्जदाराने आपल्या देणेकऱ्यांची यादी द्यायची असते. तिथे भाईंनी बाईंचे नाव आणि रक्कम लिहिली असती, तर भाईंचा कबुलीजबाब हाच बाईंचा पहिला कागद झाला असता. त्याने तीस पैसेच मिळाले असते, हे खरे. उरलेले सत्तर पैसे कोणी द्यायचे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे आहे, आपण ते वापरत नाही. जकातीचे जे आठ हकदार सूरह तौबात सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेले, 'गारिमीन', आहेत. आणि एका जनाजाच्या वेळी मयतावर कर्ज आहे हे कळल्यावर प्रेषित नमाज पढवायला थांबले, तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःच्या अंगावर घेतले. बाहेरच्याने देणे अंगावर घेतले, तर कोणत्याही देणेकऱ्याचा हिस्सा कमी होत नाही. २०२४ च्या रमजानात आम्ही जमातीच्या बैठकीत हा विषय काढला: उद्या कोर्टाने बाईंचे पैसे परत मागवले तर जमातीने जकातीतून भाईंचे तेवढे देणे उचलावे. उत्तर मिळाले, ''सर, जकात गरिबांसाठी आहे, मदरशासाठी आहे. बाजारात दुकान होते त्याला जकात कशी द्यायची?'' दुकान 'होते', हे त्यांनीच म्हटले. आम्ही पुन्हा सांगून पाहिले. मग चहा आला आणि मशिदीच्या नव्या गालिच्यांचा विषय निघाला.

मधल्या काळात भाई नादार ठरले होते, कोर्टाने रिसीव्हर नेमला होता आणि मालेगावच्या माणसाच्या वकिलाने तिन्ही फेडींना हरकत घेतली होती. तारखा पडत होत्या. आमचे वकील म्हणत, निकाल लागेपर्यंत थांबा, कदाचित टिकेल. पत्नीने एका वाक्यात निकाल दिला, ''ते पाकीट घरात आहे तोवर मला त्या कपाटात कपडे ठेवावेसे वाटत नाहीत.'' आम्ही वकिलांमार्फत पूर्ण चाळीस हजार रिसीव्हरकडे जमा केले आणि देणेकऱ्यांच्या यादीत आमचे नाव घालण्याचा अर्ज दिला. मेहुण्याने कुवेतहून कळवले, की कोर्टाचा हुकूम येईल तेव्हा पाहू. बाईंना आम्ही काही सांगितले नाही. सांगायला हवे होते का, हे अजून ठरलेले नाही. पत्नी आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाते आणि दर वेळी हा विषय न काढता परत येते.

भाईंना मात्र सांगावेच लागले. ते आता एका नातेवाइकाच्या दुकानात कापड मोजतात. कोर्टाकडून सुटका झाली की नंतरच्या कमाईतून कोणाचे किती द्यायचे, त्याला कोणी अडवणार नाही, आणि अल्लाहपुढचे देणे तर कोर्टाच्या कागदाने फिटतही नाही, हे त्यांना आमच्याइतकेच ठाऊक आहे. आम्ही पैसे जमा केल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी हातातला गज बाजूला ठेवला.

''म्हणजे सर, तुमचेही देणे राहिले माझ्यावर?''

''राहिले, भाई.''

त्यांनी मान हलवली, काउंटरखालून वही काढली आणि आमचे नाव पुन्हा लिहिले. नोकरांच्या नावांखाली.